सव्वीस अक्षरांचं तापमान

३० जानेवारी २०२० रोजी केरळमधल्या एका विद्यार्थिनीचा नमुना पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत पॉझिटिव्ह ठरला. देशातली ती पहिली कोविडबाधित. या पीसीआर चाचण्यांच्या पहिल्या छाननीत बर्लिनच्या शारिते रुग्णालयातल्या गटाने आखलेले ई जनुकाचे प्राइमर वापरले जात. त्यांतला एक अवघ्या २६ अक्षरांचा डीएनएचा तुकडा. ५८ अंश सेल्सियसला तो आपल्या जोडीदार धाग्यावर बसला पाहिजे, अशी त्याची आखणी.

हे तापमान आधी कसं कळतं? जोडलेले धागे किती अंशांना सुटतील, याचा प्रयोगशाळेतला तोंडी हिशेब सोपा आहे: डीएनएच्या अक्षरांपैकी प्रत्येक ए किंवा टीला २ अंश, जी किंवा सीला ४. या प्राइमरमध्ये जी-सी ९ आणि ए-टी १७, म्हणजे ३६ अधिक ३४, एकूण ७० अंश. पण हा नियम वीसेक अक्षरांपर्यंतच चालतो. शिवाय त्याला अक्षरांची संख्या कळते, क्रम कळत नाही.

आणि खरी गंमत क्रमातच आहे.

दोन धाग्यांना समोरासमोरचे हायड्रोजन बंध तर धरून ठेवतातच. पण भाकऱ्यांच्या चवडीसारख्या एकावर एक बसलेल्या शेजारच्या जोड्यांचा आधारही तितकाच महत्त्वाचा असतो. म्हणून १९९८ साली जॉन सांतालुसिया यांनी एकत्र केलेल्या तक्त्यात एकेका अक्षराला नव्हे, तर शेजारांच्या दहा प्रकारांना किंमत आहे. ३७ अंशांना ‘एटी’ या शेजाराची किंमत दर मोलला उणे ०.८८ किलोकॅलरी, तर ‘टीए’ची फक्त उणे ०.५८. अक्षरं तीच, नुसती जागा बदलली. ‘जीसी’ थेट उणे २.२४. आकडा जितका जास्त उणे, तितकी पकड घट्ट.

आपल्या प्राइमरमध्ये असे २५ शेजार येतात, त्यांतले पाच कमकुवत ‘टीए’. सगळ्यांची बेरीज करून, प्राइमरचं प्रमाण लिटरला ०.४ मायक्रोमोल धरलं, तर लिटरला एक मोल मीठ असलेल्या द्रावणात अर्धे धागे सुटे होण्याचं तापमान ७० अंशांच्या आसपास येतं. मीठ ५० मिलिमोलवर आणलं की तेच ५५ अंशांजवळ उतरतं! दोन्ही धाग्यांवर ऋण भार असतो, ते एकमेकांना ढकलतात. मिठातले सोडियमचे आयन तो भार झाकतात. पीसीआरच्या द्रावणात मॅग्नेशियमही असतं, ते तर हे काम आणखी जोरात करतं.

म्हणून कागदावरचा आकडा ही फक्त सुरुवात. मग यंत्राच्या एकाच ठोकळ्यात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तापमान थोडं थोडं चढवून तोच प्राइमर तपासतात. फार थंड ठेवला तर तो भलत्याच जागी चिकटतो, फार गरम केला तर बसतच नाही. ज्या तापमानाला खऱ्या नमुन्याचा संकेत लवकर दिसतो आणि नुसत्या पाण्याच्या नळीत काहीच उमटत नाही, ते निवडलं जातं.