एका कार्डावर एक पुस्तक

नौपाड्यात आमच्या घरापासून दहा मिनिटांवर एक सर्क्युलेटिंग लायब्ररी होती. लायब्ररी कसली, जिन्याखालचा गाळाच. तीन बाजूंना छतापर्यंत फळ्या, पुढे टेबल आणि टेबलामागे लायब्ररीवाले काका. त्यांचं खरं नाव आम्हाला कधीच कळलं नाही. ठाण्यात १८९३ सालापासूनचं मराठी ग्रंथसंग्रहालय होतं, पण तिथे बाबा जायचे. आम्हा मुलांची धाव काकांपर्यंत.

कार्डावर एका वेळी एक पुस्तक मिळायचं आणि वाटेकरी दोघं, मी आणि दादा. आधी कोणी वाचायचं यावरून मारामाऱ्या व्हायच्या. शेवटी आईने निवाडा दिला. दादाची शाळा सकाळची, तेव्हा सकाळी पुस्तक माझं. माझी दुपारची, तेव्हा दुपारी त्याचं. खुणेसाठी दोघांची लोकलची दोन जुनी तिकिटं, ती पुठ्ठ्याची असायची ना, तशी. त्याच्या तिकिटाचा कोपरा फाडलेला. ते कायम माझ्या तिकिटाच्या पुढे असायचं आणि पुढे काय होतं ते जेवताना मला ऐकवण्यात त्याला कोण आनंद!

पुस्तकांना जाड पुठ्ठ्याचं बाइंडिंग आणि पाठीवर लाल शाईने नंबर. समासात आधीच्या वाचकांचे शेरे. एका रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर कुणा दुष्टाने पेन्सिलने खुन्याचं नाव लिहून ठेवलं होतं. दिवाळीत अंकांची वेगळी वर्गणी भरावी लागे आणि अंक दोन दिवसांत परत. त्या दिवसांत आमच्या घरी रात्री कोणी कोणाशी बोलत नसे.

मी नऊ वर्षांची असताना बाबांनी फर्मान काढलं, “या सुट्टीत ‘श्यामची आई’ वाचायचं.” मी आणलं. तीन आठवडे झाले तरी माझं तिकीट एकाच जागी. काकांनी कार्ड पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि फळीवरून भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे काढला. “हे आधी वाच. ते कुठे पळून जात नाही.” कार्डावर मात्र जुन्याच पुस्तकाचा नंबर राहू दिला. बाबा कार्ड तपासतात हे त्यांना ठाऊक असणार.

हे सगळं मी सोयीस्करपणे विसरले होते.

इथे न्यू जर्सीत आमच्या गावच्या पब्लिक लायब्ररीत लेकीला पाचव्या वर्षी स्वतःचं कार्ड मिळालं. वर्गणी नाही, काही नाही. एका वेळी किती पुस्तकं न्यायची, असं मी काउंटरवरच्या बाईंना दोनदा विचारलं. लेक पिशवी भरभरून आणायची आणि मी एका कार्डावरच्या एका पुस्तकाच्या हिशेबाने घाबरायची. तिच्या वाचनात मराठी मात्र फक्त रविवारच्या शाळेपुरतं. म्हणून ती नऊ वर्षांची झाल्यावर मी भारतातून ‘श्यामची आई’ची नवी कोरी प्रत आणली. रोज रात्री थोडं वाचून दाखवायचं ठरलं. पोहायला जायच्या भीतीने श्याम माळ्यावर लपतो आणि आई त्याला मारते, त्या गोष्टीपर्यंत ठीक चाललं होतं.

“त्याला भीती वाटत होती ना? मग मारलं का?”

त्याला कोणी भित्रा म्हणू नये म्हणून, असं मी समजावलं. तिला पटलं नाही. “पण ती सॉरी म्हणाली का?” मी चिडले. “तुला नाही कळायचं,” असं म्हणून दिवा बंद केला. दुसऱ्या दिवसापासून ती रात्री मराठी पुस्तक मागेना. चार महिने गेले. मला खरी भीती वाटली ती तेव्हा. पुस्तकाबरोबर मराठीही गेली की काय!

सहानुभूती मिळेल म्हणून दादाला फोन केला, तर तो हसायलाच लागला. “तू तरी कुठे वाचलं होतंस? तुझं तिकीट तिथेच अडकलं होतं. पोहण्यापाशी!”

त्या हिवाळ्यात मी ते पुस्तक प्रथमच पूर्ण वाचलं, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी ते लिहिलं, तेव्हा ते तेहतीस वर्षांचे होते. मला ते नऊ वर्षांच्या मुलीपेक्षा आई लांब असलेल्या माणसाचं पुस्तक वाटलं. वाचून झाल्यावर ठाण्याला आईला फोन लावला. तिथे पहाट होती. काय झालं म्हणून ती घाबरली, ते वेगळंच.

दादाने मग कुणाच्या तरी बॅगेतून फास्टर फेणे पाठवला. बनेश फेणे, फुरसुंगीचा. ‘फुरसुंगी’ हे नाव लेकीला इतकं आवडलं की ती ते उगाचच म्हणत राहायची. ‘ट्टॉक्’ तर नाश्त्याच्या टेबलावर इतक्यांदा झालं की नवऱ्याने त्यावर बंदी घातली. मी दोन पानं वाचायची, तिने एक. जोडाक्षराला ती अडखळते, वैतागते, पुन्हा बोट ठेवते. खुणेला आमच्या लायब्ररीची पावती.

परवा रात्री पुस्तक उघडलं तर पावती दहा पानं पुढे होती.

“तू हलवलीस?”

“मी वाचलं. आता पुढे काय होतं सांगू?”

मी दोन्ही कानांवर हात ठेवले. ती तरीही सांगतच राहिली.