दुरुस्तीघर (लेखांक ९) : इंजिन चालतंय, वीज येत नाही

गेल्या आठवड्यात आपण पेट्रोल जनरेटरचं इंजिन सुरू केलं. टाकीत साठून चिकट झालेलं पेट्रोल काढलं, कार्बोरेटरचं जेट साफ केलं, प्लगमधली फट ०.७ ते ०.८ मिलिमीटरवर आणली. दोरी ओढली आणि इंजिन धडधडायला लागलं. आता सॉकेटमध्ये बल्ब लावावा, तर तो लागत नाही. इंजिनाला कसलीच तक्रार नाही, ते मजेत फिरतंय. ही लक्षणं फोनवर सांगितली की समोरून बहुतेक वेळा एकच निदान येतं : "एव्हीआर गेलाय, नवा टाका."

निदान खरं निघूही शकतं. पण एव्हीआरवर, म्हणजे व्होल्टेज आवरणाऱ्या भागावर, पहिला संशय का येतो, याचं कारण तांत्रिक नाही. तो मागच्या झाकणाखाली दोन स्क्रूंवर बसलेला असतो, एका प्लगने जोडलेला असतो, स्वस्त असतो आणि दहा मिनिटांत बदलता येतो. बदलायला सोपा, म्हणून दोषी! माझ्या मते त्याचा नंबर चौथा. आधीच्या तीन तपासण्यांना एक मल्टिमीटर, थोडा पॉलिश पेपर आणि मोटारसायकलची बॅटरी एवढंच पुरतं.

हा बिघाड आता जास्त का दिसतो, तेही सांगायला हवं. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत महाराष्ट्रातल्या गावोगावच्या दुकानांपुढे हे लहान संच रोज तासन्‌तास चालत. तेव्हा ते झिजून बिघडायचे : रिंगा, व्हॉल्व्ह, बेअरिंग. पुढे इन्व्हर्टर घरोघर आले. आज संच उरलेत ते मंडप-डेकोरेशनवाल्यांकडे, खाद्यगाड्यांवर, बांधकामाच्या साइटवर आणि शेतघरात. गणपती-नवरात्रात किंवा लग्नसराईत चालायचं आणि उरलेलं वर्ष पत्र्याच्या शेडमध्ये पडून राहायचं. असे संच चालून कमी आणि बसून जास्त बिघडतात.

वीज न येण्याचं बसून होणारं कारण समजून घ्यायचं, तर संचाच्या मागच्या अर्ध्या भागात शिरावं लागेल. इंजिनाच्या शाफ्टवर एक रोटर फिरतो. तो विद्युतचुंबक आहे, म्हणजे त्याच्या तारेत एकदिश प्रवाह सोडला तरच तो चुंबक होतो. भोवती स्थिर वायंडिंग असतं, त्यात वीज तयार होते. या वायंडिंगची एक लहान शाखा एव्हीआरला वीज पुरवते, एव्हीआर ती एकदिश करतो आणि दोन कार्बनमधून, शाफ्टवरच्या तांब्याच्या दोन स्लिप रिंगांमार्फत रोटरला देतो. व्होल्टेज वाढलं की हा प्रवाह कमी करायचा, उतरलं की वाढवायचा, हेच एव्हीआरचं काम.

इथे प्रश्न उभा राहतो. रोटरला चुंबक व्हायला वीज हवी आणि वीज तयार व्हायला रोटर चुंबक हवा. मग सुरुवात कुठून? रोटरच्या लोखंडात मागच्या वेळचं किंचित चुंबकत्व शिल्लक असतं, त्यातून. दह्याचं विरजण समजा. रोटर फिरू लागला की त्या उरलेल्या चुंबकत्वाने दोन ते पाच व्होल्ट तयार होतात, ते एव्हीआरमधून रोटरकडे परत जातात, चुंबकत्व वाढतं, व्होल्टेज वाढतं, आणि एक-दोन सेकंदांत २३० पर्यंत मजल जाते.

ही युक्ती एका माणसाच्या नावावर टाकता येत नाही. हंगेरीतले आन्योश येडलिक १८६१ च्या सुमारास तिथवर पोचले होते, पण त्यांनी तिचा गाजावाजा केला नाही. १८६६ च्या डिसेंबरात इंग्लंडमध्ये सॅम्युअल व्हार्ली यांनी पेटंटसाठी अर्ज केला. जानेवारी १८६७ मध्ये वेर्नर सीमेन्स यांचा निबंध बर्लिनच्या अकादमीत वाचला गेला. आणि १४ फेब्रुवारी १८६७ ला लंडनच्या रॉयल सोसायटीत वेर्नर यांचे भाऊ विल्यम सीमेन्स व चार्ल्स व्हीटस्टन या दोघांचेही निबंध एकाच बैठकीत सादर झाले. त्याआधीच्या यंत्रांना कायमचे जड चुंबक किंवा वेगळी बॅटरी लागे. आज मंडपामागे ठेवलेला संच बॅटरीशिवाय वीज देतो, तो याच शोधामुळे.

पण विरजण मरतंसुद्धा. संच वर्षभर पडून राहिला, टेम्पोत आदळत-आपटत गेला, किंवा लोड चालू असतानाच पेट्रोल संपून बंद पडला, तर उरलेलं चुंबकत्व फारच क्षीण होऊ शकतं. म्हणून संच बंद करताना आधी लोड काढायचा, मग इंजिन थांबवायचं. नेमका उलटा क्रम मी सगळीकडे पाहतो : कार्यक्रम संपला की हॅलोजन पेटते ठेवूनच कुणीतरी इंजिनाचा स्विच मारतो.

आता तपासणी. पहिलं काम संचाच्या पॅनेलवरचा ब्रेकर वर आहे का ते बघणं. त्याने कितीजणांचे पैसे वाचलेत! सॉकेट आतून जळलंय का, मागची वायर सुटली आहे का, हेही बघून घ्या. मग मल्टिमीटर एसीच्या सर्वांत वरच्या रेंजवर ठेवून इंजिन चालू असताना सॉकेटवर व्होल्टेज मोजा. मीटरवर फ्रीक्वेन्सी मोजायची सोय असेल तर तीही बघा. दोन ध्रुवांच्या रोटरमध्ये हर्ट्‌झला ६० ने गुणलं की फेरे मिळतात : ५० हर्ट्‌झ म्हणजे मिनिटाला ३००० फेरे. लोड नसताना ५२ च्या आसपास आकडा असावा, लोड आल्यावर तो ५० कडे उतरतो. आकडा ४५ असेल तर दोष वायंडिंगमध्ये शोधू नका, गव्हर्नरची दांडी अडकली आहे.

इथे एक इशारा. इंटरनेटवरचे दुरुस्तीचे अनेक व्हिडिओ अमेरिकेतले असतात. तिथे वीज ६० हर्ट्‌झची, म्हणून इंजिन ३६०० फेऱ्यांवर चालतं आणि सॉकेटवर १२० व्होल्ट येतात. तो व्हिडिओ बघून इथल्या संचाचा वेग ३६०० वर नेला, तर फ्रीक्वेन्सी ६० होईल आणि साध्या संचात व्होल्टेजही उसळेल.

मीटरवर २३० ऐवजी तीन-चार व्होल्ट दिसले तर ती चांगली बातमी आहे. विरजण जिवंत आहे, ते पुढे पोचत नाहीये. बहुतेकदा अडथळा कार्बनपाशी असतो. इंजिन बंद करा, स्पार्क प्लगची टोपी काढून ठेवा आणि मागचं झाकण उघडा. पावसाळाभर पडून राहिलेल्या संचात स्लिप रिंगांवर काळपट-हिरवट थर चढलेला असतो आणि कार्बन आपल्या खोबणीत अडकून बसलेले असतात. बारीक पॉलिश पेपरने रिंगा चकचकीत होईपर्यंत घासा. कार्बन बाहेर काढून त्यांची लांबी बघा. पाच मिलिमीटरपेक्षा कमी उरले असतील तर जोडीने बदला. नवे घेताना जुने खिशात घालून जा, कारण लांबी-रुंदीबरोबर होल्डरचा आकार आणि टर्मिनलची जागाही जुळावी लागते. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लोहार चाळीत किंवा नागदेवी स्ट्रीटला नमुना दाखवून माल मागितला की बोलणं लवकर संपतं. वस्तू हातात नसेल तर समोरचा "कुठल्या कंपनीचा, किती केव्हीएचा" असं विचारत राहतो आणि तुम्ही अंदाज सांगत राहता.

कार्बन काढलेच आहेत, तर रोटरही मोजून घ्या. दोन स्लिप रिंगांमधला रोध लहान संचांत काही दहा ओहम असतो. नेमका आकडा संचाच्या मॅन्युअलमध्ये बघावा. मीटरने काहीच दाखवलं नाही, तर तार तुटली आहे. कधीकधी ती रिंगेजवळच्या झाळणीत सुटलेली असते आणि सोल्डरच्या एका थेंबात काम भागतं. कुठल्याही रिंगेपासून शाफ्टपर्यंत मात्र मीटरने जोड दाखवता कामा नये. दाखवला तर रोटर 'बॉडी' झालाय, म्हणजे त्याची तार शाफ्टला टेकली आहे.

कार्बन आणि रोटर ठीक असूनही वीज नसेल, तर मोटारसायकलची १२ व्होल्टची बॅटरी घ्या. इंजिन बंद असतानाच एव्हीआरचा प्लग काढा आणि दोन लांब वायरी कार्बनच्या टर्मिनलांना पक्क्या बसवा. एव्हीआरची धन वायर ज्या कार्बनला होती, तिथेच बॅटरीचं धन टोक जायला हवं, म्हणून प्लग काढण्यापूर्वी फोनवर एक फोटो काढून ठेवा. बाही वर करा, वायरी फिरत्या भागांपासून दूर बांधा, इंजिन चालू करा आणि मगच वायरींची दुसरी टोकं बॅटरीला लावा. रोटर पन्नास ओहमचा धरला, तर जेमतेम पाव अँपिअर प्रवाह जाईल, तेवढा पुरतो. सॉकेटवर व्होल्टेज साठ-सत्तर, कधी शंभराच्याही वर चढलं, तर रोटर आणि वायंडिंग दोन्ही शाबूत आहेत. काही सेकंदांनी बॅटरी काढा, इंजिन थांबवा, वायरी सोडवा, एव्हीआर परत जोडा आणि पुन्हा चालू करा. २३० आले तर एकही पार्ट घ्यायचा नाही, कारण बॅटरीने रोटरचं विरजण परत लावून दिलं आहे. नाही आले, तर आता एव्हीआरला दोषी ठरवायला हरकत नाही.

(सॉकेटला ड्रिल मशीन लावून त्याचा चक हाताने उलटा फिरवण्याची एक युक्ती सांगितली जाते. ती चालते. पण वीज अचानक आली की चक हातातच फिरतो. बोटं प्रिय असतील तर बॅटरीच बरी.)

एव्हीआर विकत घेताना संचाचा ब्रँड हा कमजोर पुरावा आहे. बाजारातल्या अनेक संचांचे मागचे भाग एकमेकांच्या नकला आहेत, आणि उलट एकाच नावाखाली दोन वर्षांत दोन वेगळे भाग आलेले असू शकतात. म्हणून प्लगमध्ये किती पिना, कुठल्या जागी कुठल्या रंगाची वायर, स्क्रूंच्या भोकांमधलं अंतर आणि छापलेली क्षमता यांकडे बघा. २ ते ३ किलोवॅटसाठीचा आणि ५ किलोवॅटसाठीचा एव्हीआर दिसायला जुळे असतात. २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ, सिंगल फेज हे लिहिलेलं नसेल तर घेऊ नका. आतला भाग राळेत गच्च भरलेला असल्याने उघडून दुरुस्त करायचा विचार सोडून द्या.

याउलट बेअरिंग. मागचं बेअरिंग आवाज करत असेल तर त्याच्या कडेवरचा नंबर वाचा. ६२०२ असेल तर ते १५ बाय ३५ बाय ११ मिलिमीटरचं, ६२०३ असेल तर १७ बाय ४० बाय १२. हा नंबर जगात कुठल्याही दुकानात तोच अर्थ सांगतो. जनरेटर कंपनीच्या डबीतलं महागडं बेअरिंग घेण्याऐवजी नामांकित बेअरिंग कंपनीचं त्याच नंबरचं घ्यावं, असं माझं मत.

लहान, साधारण एक किलोवॅटपर्यंतच्या अनेक संचांत कार्बनही नसतात आणि एव्हीआरही. तिथे वायंडिंगला एक कपॅसिटर जोडलेला असतो आणि रोटरवर डायोड. अशा संचात वीज गेली की आधी कपॅसिटर बघावा. हात लावण्यापूर्वी बल्बच्या होल्डरच्या वायरींनी तो डिस्चार्ज करा. नवा घेताना मायक्रोफॅरडचा आकडा तोच हवा आणि व्होल्टेजचा आकडा तेवढा किंवा वरचा. "जरा मोठा टाकू, जास्त पॉवर येईल" हा सल्ला ऐकू नका. मोठ्या कपॅसिटरने व्होल्टेज चढतं आणि वायंडिंग तापतं. स्थिर वायंडिंगच जळलं असेल, झाकण उघडताच करपल्याचा वास आला, तर रिवाइंडिंगवाल्याकडे आधी तांब्याचं आहे की ॲल्युमिनियमचं ते विचारा. स्वस्त संचातलं ॲल्युमिनियम भरून घेण्यात पैसा घालू नये.

दुरुस्तीनंतर पहिला लोड १०० वॅटच्या जुन्या पिवळ्या बल्बचा द्या, टीव्हीचा किंवा साउंड सिस्टिमचा नको. चुकीच्या एव्हीआरने ३०० व्होल्ट दिले तर बल्ब उडेल, ॲम्प्लिफायर वाचेल. हे सगळं उघड्यावर करा. अर्धं शटर ओढून दुकानातच संच चालवण्याची सवय जीवघेणी आहे, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि त्याला वासही नाही. आणि दोन्ही टोकांना पिन लावलेली वायर घराच्या सॉकेटमध्ये खुपसून अख्ख्या घराला वीज देण्याचा प्रकार तर मुळीच नको. ती वीज मीटरमधून उलटी बाहेर जाते, आणि लाइन बंद आहे असं समजून खांबावर चढलेल्या महावितरणच्या वायरमनला लागते.

घराला सुरक्षितपणे वीज देण्यासाठी लागणारा चेंजओव्हर स्विच, त्याचे अँपिअर कसे ठरवायचे आणि अर्थिंगचा रॉड कुठे ठोकायचा, हे पुढच्या आठवड्यात.