हुशार इक्वलायझर आणि तंबोऱ्याची जवारी

मागच्या वेळी आपण साधा इक्वलायझर पाहिला. ऐकू येणाऱ्या आवाजाचा साधारण २० ते २०,००० हर्ट्झचा पट्टा असतो, त्यातला हवा तो भाग थोडा वर न्यायचा किंवा खाली आणायचा, एवढंच त्याचं काम. आज आपण ‘हुशार’ इक्वलायझर प्लगइन घेणार आहोत. ही प्लगइन स्वतः ऐकतात आणि काय वर न्यायचं, काय खाली आणायचं ते स्वतःच ठरवतात. प्रश्न असा, की ती नेमकं काय ऐकतात?

ढोबळ मानाने यात दोन जाती आहेत. पहिली जात तुलना करणारी. सोनिबल कंपनीचं ‘स्मार्ट ईक्यू’ किंवा आयझोटोपच्या ‘ओझोन’मधला मास्टर असिस्टंट घ्या. तुम्ही गाणं वाजवता, ते काही सेकंद ऐकतं, कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती ऊर्जा आहे ते मोजतं आणि स्वतःजवळच्या एखाद्या नमुन्याशी पडताळून बघतं. तो नमुना म्हणजे ‘गायकाचा आवाज’, ‘पॉप’ असा काहीतरी असतो. जो फरक दिसेल तो भरून काढणारी वक्ररेषा ते काढून देतं.

दुसरी जात सतत पहारा देणारी. ओएकसाउंडचं ‘सूद’ हे प्लगइन आजूबाजूपेक्षा एकदम वर येणारे टोकदार उंचवटे शोधतं आणि ते आले त्याच क्षणी, तेवढेच दाबतं. साउंडथिअरीचं ‘गलफॉस’ मानवी श्रवणाच्या प्रतिमानावर चालतं. झाकलं गेलेलं वर आणायचं आणि फार पुढे आलेलं आवरायचं, हे काम ते सेकंदाला शेकडो वेळा करत राहतं.

दोन्ही जातींत एक गोष्ट सारखी आहे, ती लक्षात ठेवा. दोघांनाही असमतोल कळतो, पण तो चुकून आला आहे की वाजवणाऱ्याने मुद्दाम आणला आहे, हे कळत नाही.

आता आमची फजिती सांगतो. आमच्याकडे एका अभंगाचं मिक्सिंग होतं. गायक बुजुर्ग, पट्टी काळी एक. साथीला तंबोरा, हार्मोनियम, पखवाज आणि टाळ. वेळ कमी होता. आम्ही मास्टरवर तुलना करणारं प्लगइन लावलं, त्याच्या पाठोपाठ उंचवटे दाबणारं लावलं, आणि दोन्ही सढळ हाताने. ऐकायला एकदम स्वच्छ वाटलं. गायकांना ऐकवलं. दोन मिनिटं ते काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “छान साफ झालंय हो. पण माझा तंबोरा कुठं गेला?”

आम्ही ‘डेल्टा’ बटण दाबलं. या बटणाने प्लगइन जे काढून टाकतंय तेवढंच ऐकू येतं. त्यात ‘स’ आणि ‘श’ची थोडी सळसळ होती. बाकी जवळजवळ सगळी तंबोऱ्याची जवारीच होती.

असं का झालं? काळी एकचा खर्ज साधारण ६९ हर्ट्झला असतो. खर्जाची तार छेडली की तिच्या पटीतले सहायक नाद निघतात. त्यातला पाचवा, म्हणजे सुमारे ३४७ हर्ट्झचा, तो आपला स्वयंभू गंधार. आणि मिक्सिंगमध्ये २०० ते ४०० हर्ट्झ हा भाग ‘गढूळ’ म्हणून बदनाम आहे! प्लगइनला तिथे जास्तीची ऊर्जा दिसली, त्याने ती कापली. वर जवारीचे टोकदार नाद दिसले, तेही दाबले.

हे नाद म्हणजे दोष नव्हेत. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली तंबोरा आणि वीणा यांच्या घोडीवर लिहिलं आहे. तार जिथे छेडतो त्या जागेवरून जे नाद नियमाप्रमाणे निघायलाच नकोत, तेही या वाद्यांत ठसठशीत निघतात, हे त्यांनी दाखवून दिलं. कारागीर घोडी घासून, दोरा सरकवून तासन् तास मेहनत घेतो ती याच नादांसाठी. आणि गायक ज्याच्या आधाराने सूर लावतो, तेच आम्ही पुसून टाकलं होतं.

दुसरी चूक शिकवण्याच्या जागेची. अभंगाचा पहिला मिनिटभर नुसता आलाप होता आणि प्लगइनने तोच ऐकला. त्याला वाटलं, खालची बाजू कमी आहे, म्हणून त्याने ती वाढवली. मग पखवाज आला, तेव्हा त्याच्या डाव्या, कणीक लावलेल्या तोंडाचा घुमारा सगळ्यांवर बसला.

मग आम्ही काय केलं? मास्टरवरचं सगळं काढलं. उंचवटे दाबणारं प्लगइन फक्त गायकाच्या ट्रॅकवर ठेवलं, तेही ५,००० ते ९,००० हर्ट्झपुरतंच. हार्मोनियम गळ्यावर चढत होती, तिथे स्मार्ट इक्वलायझरची सूचना घेतली, पण निम्मीच. टाळाचं हातानेच केलं. तंबोऱ्याला ४० हर्ट्झच्या खालची घरघर कापली, बाकी हात लावला नाही. मास्टरिंगला तयार ‘पॉप’चा नमुना न घेता, त्याच गायकांचं आम्हाला आवडणारं एक जुनं रेकॉर्डिंग संदर्भ म्हणून दिलं. बहुतेक प्लगइनमध्ये ही सोय असते, पण वापरतात फार थोडे.

तुमच्यासाठी चार गोष्टी. एक, प्लगइनला शिकवायचं ते सगळी वाद्यं वाजत असलेल्या जागी. दोन, आधीचं आणि नंतरचं ऐकताना दोन्हींचा आवाज सारखा करा, कारण जरासं मोठं वाजलेलं नेहमीच चांगलं वाटतं. तीन, सूचना पूर्ण घेऊ नका, अर्ध्यावर आणा आणि मग ठरवा. चार, डेल्टा ऐका. काढून टाकलेल्या आवाजात संगीत ऐकू यायला लागलं, की थांबा.

म्हणजे ही प्लगइन वापरू नयेत का? जरूर वापरा. दिवसभर काम करून कान थकले की खोलीतला एखादा घुमणारा नाद आपल्याला ऐकू येईनासा होतो, तो ती चटकन दाखवतात. एकावर एक बसणारी वाद्यं वेगळी करायलाही त्यांची मदत होते. पण त्यांना सहायक माना, खुर्ची आपली सोडू नका.

सुधारलेलं मिक्स घेऊन आम्ही परत गेलो. गायकांनी डोळे मिटून ऐकलं आणि अभंग संपायच्या आधीच स्वतः गुणगुणायला लागले. तंबोरा सापडला होता. पुढच्या व्याख्यानात कंप्रेसर घेऊ. तोवर आपलं एखादं जुनं मिक्स उघडा आणि डेल्टा दाबून बघा.