स्वीडनचे सरदार आणि मोकळी मान

'नाइट' हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे एक चित्र उभे राहते. अंगात पोलादी चिलखत, खाली उमदा घोडा, हाती भाला आणि दुबळ्यांचे रक्षण करण्याची शपथ. चित्र सुरेख आहे यात शंका नाही. परंतु ज्यांची हयात वेतनकराराची कलमे वाचण्यात गेली, अशा आमच्यासारख्यांना ते पाहून एकच प्रश्न सुचतो : या घोड्याच्या चंदीचा खर्च कोण करीत होता? आमचे शाळेतले शिक्षण सातवीला संपले. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात. तेव्हा पंडिताचा आव आम्हांला शोभणार नाही. पण हिशेब वाचता येतो. आणि युरोपच्या उत्तरेकडील स्वीडन या राज्यात सरदारकीचा हिशेब सातशे वर्षांचा सापडतो. तोच आज श्रोत्यांपुढे मांडावयाचा आहे.

आरंभ एका शब्दापासून करू. सरदारवर्गाला स्वीडिश भाषेत जुने नाव आहे 'फ्रेल्से'. त्याच्या मुळाशी 'मोकळी मान' असा अर्थ आहे. ज्याच्या मानेवर जू नाही, म्हणजे जो गुलाम नाही, तो फ्रेल्से. पुढे जू म्हणजे कराचे जू असा अर्थ झाला. शौर्य, कुलशील, स्त्रीदाक्षिण्य यांपैकी कशाचाही या नावात पत्ता नाही. सरदार म्हणजे सारा न भरणारा माणूस, इतकेच ते नाव सांगते.

हे घडले कसे? पूर्वी किनाऱ्यावरचे शेतकरी आपापल्या गलबतांतून राजाच्या लढाईला जात. पुढे चिलखती घोडेस्वारांचे युग आले, आणि घोडा, चिलखत, शस्त्रे हा सारा सरंजाम साध्या कुणब्याच्या आवाक्याबाहेरचा. १२८० च्या सुमारास माग्नुस राजाने मेलारेन सरोवरातील आल्स्नो बेटावर एक सनद काढली. जो कोणी लढाऊ घोडा व हत्यारे बाळगून राजाची चाकरी करील, त्याची जमीन करमुक्त. आपल्याकडे शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येई आणि बारगिराला तो सरकारी पागेतून मिळे. माग्नुसला शिलेदार हवे होते. मोबदला म्हणून त्याने सारा माफ केला. अर्थात राजाची गरज काही कमी झाली नव्हती. जे एकाच्या मानेवरून उतरले, ते दुसऱ्याच्या मानेवर चढणारच.

मौज अशी की, याच सनदेत दुसरेही एक कलम आहे. प्रवासाला निघालेले बडे लोक वाटेतल्या शेतकऱ्याच्या घरी उतरत आणि त्याचे धान्य-वैरण फुकट फस्त करून पुढे जात. राजाने त्यास बंदी केली. माग्नुसला इतिहासात 'लाडुलोस', म्हणजे कोठाराचे कुलूप, असे म्हणतात, ते या कलमामुळे अशी परंपरागत समजूत आहे. हे टोपणनाव एका स्लाव्ह नावावरून आले असावे असेही काही विद्वान म्हणतात. त्यांचा वाद त्यांनी मिटवावा. आम्हांला महत्त्वाचे वाटते ते हे की, सरदाराची सूट आणि शेतकऱ्याचे संरक्षण एकाच कागदावर उतरले.

शिवाय ही सूट सशर्त होती. सरदाराला घोड्यानिशी व शस्त्रांनिशी हजेरी देऊन तपासणी करून घ्यावी लागे. ऐपतदार शेतकऱ्याने स्वार उभा केला तर तोही फ्रेल्से होऊ शके, आणि ज्याला स्वार पुरवणे झेपेना त्याची सूट जाई. प्रत्यक्ष 'नाइट' हा मान त्याहून वरचा. तो राजाच्या हातून मिळे आणि बापाकडून मुलाकडे जात नसे. एकंदरीत हा करार होता, कडक पण सरळ. तो वाकडा झाला सोळाव्या शतकात. १५६१ मध्ये एरिक चौदाव्याने काउंट व बॅरन या वंशपरंपरागत पदव्या निर्माण केल्या, आणि १५६९ मध्ये योहान तिसऱ्याने असे मान्य केले की घोडा पुरवता आला नाही तरी सरदारकी जाणार नाही. घोडा गेला, माफी राहिली!

पण मधल्या काळात शेतकरी व खाणवाले गप्प बसले नव्हते. १३९७ पासून डेन्मार्क, नॉर्वे व स्वीडन ही तिन्ही राज्ये एका मुकुटाखाली होती. एरिक राजाच्या लढायांमुळे कर वाढले आणि समुद्रावरच्या कोंडीमुळे स्वीडनच्या लोखंडाची निर्यात अडली. राजाचा वेस्तेरोसचा अंमलदार येस्से एरिक्सन याच्या जुलमाची गाऱ्हाणी घेऊन बेरिस्लागेनच्या खाणप्रदेशातील एंगेलब्रेक्ट हा गृहस्थ राजाकडे गेला, असे जुनी बखर सांगते. दाद लागली नाही. १४३४ मध्ये डालार्नाचे शेतकरी आणि खाणवाले त्याच्या मागे उठले व अंमलदारांचे गड एकामागून एक पडू लागले. मग बडे सरदारही चळवळीत आले. १४३५ मध्ये आर्बोगाच्या सभेत एंगेलब्रेक्टला सेनानायक निवडण्यात आले. परंतु पुढल्याच वर्षी एका सरदारपुत्राने सरोवरातील बेटावर त्याचा खून केला आणि सूत्रे कार्ल क्नुट्सन या बड्या घराण्यातील सरदाराकडे गेली. लढा एकाने उभा करावा आणि वाटाघाटीच्या मेजावर दुसऱ्याने बसावे, हा प्रकार आमच्या चांगल्या ओळखीचा आहे.

१५२० च्या नोव्हेंबरात डेन्मार्कच्या क्रिस्तियान दुसऱ्याने स्टॉकहोममध्ये आपला राज्याभिषेक करविला. त्या समारंभात त्याने अनेकांना नाइट केले, पण त्यांत एकही स्वीडिश नव्हता. मेजवान्या संपताच सुमारे ऐंशी ते शंभर सरदार, बिशप व नागरिक यांची मुंडकी उडविली. त्यानंतर गुस्ताव वासा याला उभे केले ते पुन्हा डालार्नाच्या शेतकऱ्यांनी, आणि ६ जून १५२३ रोजी तो राजा झाला. उपकाराची फेड त्याने कशी केली? कर्जफेडीसाठी त्यांच्या चर्चमधील घंटा मागितल्या, आणि १५४२-४३ मध्ये स्मोलांडचा शेतकरी निल्स डाके उठला तेव्हा ते बंड रक्तात बुडविले.

तरीसुद्धा एक गोष्ट टिकली. स्वीडनच्या शेतकऱ्यावर भूदासत्व लादता आले नाही. तेथील रिक्सडाग या संसदेत सरदार, धर्मगुरू, नागर आणि शेतकरी अशी चार सभागृहे होती. शेतकऱ्यांना स्वतंत्र सभागृह देणारी राज्ये त्या काळच्या युरोपात दुर्मिळच. अर्थात सरदारांच्या कुळांना आणि भूमिहीन मजुरांना तेथेही जागा नव्हती. सरदारांच्या सभागृहाची रचना गुस्ताव आडोल्फने १६२६ मध्ये बांधून दिली. त्यांचा स्टॉकहोममधील रिडारहूस हा वाडा आजही उभा आहे, आणि भिंतींवर दोन हजार तीनशेंहून अधिक घराण्यांची बोधचिन्हे तांब्याच्या पत्र्यांवर टांगलेली आहेत.

राणी क्रिस्तिनाच्या अमदानीत त्या भिंतींवर खोगीरभरती झाली. नव्या सरदारांना खिरापतीसारख्या सरकारी जमिनी वाटल्या आणि निम्म्याहून अधिक जमीन सरदारांच्या हाती गेली. १६५० च्या रिक्सडागमध्ये शेतकऱ्यांनी जमिनी परत घ्या अशी मागणी केली. भीती साधी होती : आज आपला सारा सरदाराला जातो, उद्या आपणही सरदाराचे होऊ. तीस वर्षांनी, १६८० मध्ये, कार्ल अकराव्याने त्यांतील बऱ्याच जमिनी खालसा केल्या. त्याला तिजोरी भरावयाची होती हे खरे. पण शेतकऱ्यांच्या मागणीने वाट पाडून ठेवली होती.

पुढचा प्रवास झटपट सांगतो. १७४८ मध्ये सेराफिम, तलवार व ध्रुवतारा ही मानचिन्हे स्थापन झाली. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस १७५३ मध्ये ध्रुवताऱ्याचा नाइट झाला. घोड्याशी त्याचा संबंध नव्हता. ७ डिसेंबर १८६५ रोजी रिडारहूसमध्ये ३६१ विरुद्ध २९४ मतांनी सरदारांनी चार सभागृहांची संसद मोडावयास संमती दिली. विधेयक आणणारा लुई द येर स्वतः बॅरन होता, हे त्याच्या पदरी घातले पाहिजे.

म्हणून मान मोकळी झाली काय? नव्या व्यवस्थेत जन्माच्या जागी मिळकत आली. वरिष्ठ सभागृह निवडणाऱ्या स्थानिक संस्थांत मिळकतीच्या प्रमाणात मते असत, कंपन्यांनाही मते असत. काही खेड्यांत तर एकाच धनिकाची मते उरलेल्या साऱ्या गावाच्या मतांहून अधिक भरत. १८९८ मध्ये कामगार संघटनांचा महासंघ स्थापन झाला. १५ ते १७ मे १९०२ असे तीन दिवस लाखाहून अधिक कामगारांनी हत्यारे खाली ठेवली. मागणी पगाराची नव्हती, मताची होती. त्याच १९०२ साली तिबेटचा प्रवासी स्वेन हेडिन याला सरदारकी देण्यात आली. स्वीडनच्या राजाने केलेला तो शेवटचा सरदार. हेडिन अविवाहित होता. १९५२ मध्ये तो वारला आणि ते घराणे तेथेच संपले. पुरुषांना सरसकट मताधिकार देण्याचा निर्णय १९०९ मध्ये झाला. १९२१ च्या निवडणुकीत स्त्रियांनीही मत दिले.

१९७५ च्या आरंभी नवी राज्यघटना अमलात आली व राजाकडे केवळ समारंभाचे काम उरले. त्याच वेळेपासून स्वीडिश नागरिकांना मानचिन्हे देणे बंद झाले. २००३ मध्ये रिडारहूसचे सरकारी स्थानही संपले. १ फेब्रुवारी २०२३ पासून मानचिन्हे पुन्हा स्वीडिश नागरिकांसाठी खुली झाली आहेत, आणि त्यावर तेथे बरीच चर्चाही झाली. आमचा त्यास विरोध नाही. फीत आणि तारा छातीवर लावावा, घरी जावे, आणि कराचे पत्रक शेजाऱ्याप्रमाणेच भरावे. माग्नुसच्या सनदेतले पहिले कलम त्या फितीबरोबर येत नाही.