तिकिटावरचा किल्ला : नार्वा

पोस्टाचं तिकीट म्हणजे बोटाच्या दोन पेरांएवढा कागद. पण एखादा देश त्या कागदावर काय छापतो, यावरून त्याच्या मनात काय आहे हे कळतं. आज आपण अशाच एका तिकिटावरच्या किल्ल्याची ओळख करून घेऊ.

युरोपच्या नकाशावर बाल्टिक समुद्र शोधा. त्याच्या पूर्व काठावर एस्टोनिया नावाचा छोटा देश आहे. १९९१ मध्ये तो सोव्हिएत संघातून बाहेर पडून पुन्हा स्वतंत्र झाला. १९९२ मध्ये त्यानं स्वतःचं चलन आणलं आणि त्यानंतर आपल्या जुन्या किल्ल्यांची तिकिटं काढली. त्यांत एक किल्ला होता नार्वाचा. हा किल्ला देशाच्या अगदी पूर्व टोकाला, नार्वा नदीच्या काठावर आहे. नदीच्या पलीकडे रशिया. नव्यानं स्वतंत्र झालेल्या देशानं आपल्या सीमेवरचा किल्ला तिकिटावर छापणं म्हणजे 'आमचा देश इथपर्यंत आहे' असं घरोघरी कळवण्यासारखंच नाही का?

दोन किल्ले, एक नदी

नार्वा नदी पैपस नावाच्या मोठ्या सरोवरातून निघते आणि सुमारे ७७ किलोमीटर वाहून समुद्राला मिळते. पश्चिमेकडून रशियातल्या नोव्हगोरोद शहराकडे जाणारी व्यापाराची वाट ही नदी ओलांडत असे. जिथे वाट नदी ओलांडते, तिथे जकात मिळते. आणि जिथे जकात मिळते, तिथे किल्ला उभा राहतो!

तेराव्या शतकात उत्तर एस्टोनिया डेन्मार्कच्या राजाकडे होता. डॅनिश लोकांनी इथे आधी लाकडी आणि पुढे दगडी गढी बांधली. १३४६ मध्ये डेन्मार्कच्या राजानं हा सगळा प्रदेश चक्क विकला. घेणारे होते जर्मन धर्मयोद्धे, म्हणजे ट्यूटॉनिक ऑर्डर. त्यांच्या काळात किल्ला भक्कम झाला. त्याच्या मुख्य बुरुजाला 'उंच हर्मन' म्हणतात. आज त्याची उंची ५१ मीटर आहे. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर हा डोंगरी किल्ला नाही, नदीकाठचा भुईकोट आहे.

१४९२ मध्ये मॉस्कोचा राजा तिसरा इवान यानं बरोबर समोरच्या तीरावर स्वतःचा किल्ला बांधला. त्याचं नाव इवानगोरोद, म्हणजे इवानचं नगर. तेव्हापासून हे दोन किल्ले एकमेकांकडे तोंड करून उभे आहेत. मध्ये फक्त नदीचं पात्र.

किल्ला कोणाचा?

आता पुढच्या तारखा नीट वाचा.

१५५८ मध्ये रशियाचा राजा चौथा इवान यानं नार्वा जिंकलं. १५८१ मध्ये ते स्वीडननं घेतलं. १६१७ च्या तहानं पलीकडचं इवानगोरोदही स्वीडनकडे गेलं. नोव्हेंबर १७०० मध्ये इथे मोठी लढाई झाली. रशियाच्या पीटर राजाच्या फौजेनं नार्वाला वेढा घातला होता. स्वीडनचा राजा बारावा चार्ल्स तेव्हा जेमतेम अठरा वर्षांचा. त्याची फौज कितीतरी लहान होती. पण रशियन सैनिकांच्या तोंडावर हिमवादळ आलं, त्याचा फायदा घेऊन त्यानं हल्ला चढवला. पळणाऱ्या सैनिकांच्या गर्दीनं नदीवरचा पूल मोडला. स्वीडननं ती लढाई जिंकली खरी, पण पीटर चारच वर्षांनी परत आला आणि १७०४ मध्ये त्यानं नार्वा घेतलं.

त्यानंतर दोनशेहून जास्त वर्षं दोन्ही तीर रशियन साम्राज्यात होते. १९२० च्या तार्तू तहानं दोन्ही तीर एस्टोनियाला मिळाले. हो, इवानगोरोदसुद्धा! १९४० मध्ये सोव्हिएत संघानं एस्टोनियाच ताब्यात घेतला. १९४५ मध्ये इवानगोरोद एस्टोनियापासून तोडून रशियाच्या लेनिनग्राद प्रांताला जोडलं गेलं. तेव्हा ती एकाच देशातली प्रांतांची हद्द होती. १९९१ मध्ये तीच रेघ दोन देशांची सीमा झाली.

आता एक गणित करा. १५५८ ते १५८१ ही २३ वर्षं, १६१७ ते १७०४ ही ८७ वर्षं आणि १७०४ ते १९९१ ही २८७ वर्षं. बेरीज किती आली? ३९७. म्हणजे दोन्ही किल्ले समोरासमोर आल्यापासूनच्या पाचशेहून जास्त वर्षांपैकी जवळजवळ चारशे वर्षं दोन्ही तीरांवर एकाच सत्तेचा अंमल होता. पाहणाऱ्याला वाटतं, ही सीमा अनादी काळापासून आहे. प्रत्यक्षात नदी आणि तट जागेवरच राहिले, सीमा मात्र येत-जात राहिली.

माणसांचं काय?

सीमा सरकली की सगळ्यात जास्त झळ लागते ती तिथल्या माणसांना. १९४४ मध्ये दुसऱ्या महायुद्धात नार्वाचं देखणं जुनं शहर बॉम्बहल्ल्यांत आणि लढाईत जवळपास संपलं. किल्ल्याचीही पडझड झाली. त्याची दुरुस्ती पुढे कित्येक वर्षं चालली. युद्धानंतर जुन्या रहिवाशांपैकी बहुतेकांना परत येऊ दिलं नाही. सोव्हिएत संघाच्या इतर भागांतून कामगार आणून वसवले गेले. म्हणूनच आज नार्वातले बहुसंख्य लोक रशियन बोलतात, पण राहतात एस्टोनियात. अनेकांचे नातेवाईक पलीकडच्या तीरावर आहेत.

एस्टोनिया २००४ मध्ये नाटो आणि युरोपीय संघात गेला, त्यामुळे ही नदी आता त्या दोन्हींचीही सीमा आहे. रशियानं २०२२ मध्ये युक्रेनवर मोठं आक्रमण केल्यावर ताण वाढला. ९ मे २०२३ ला, रशियाच्या विजयदिनी, इवानगोरोदच्या काठावर नार्वाच्या लोकांना दिसेल असा मोठा पडदा लावून कार्यक्रम झाला. त्याच दिवशी नार्वाच्या किल्ल्यावर पुतिन यांना युद्धगुन्हेगार म्हणणारा फलक झळकला. तोफांची जागा पडद्यानं आणि फलकानं घेतली, तटांचं काम तेच राहिलं! फेब्रुवारी २०२४ मध्ये दोन्ही गावांना जोडणाऱ्या पुलावरून वाहनं बंद झाली. लोक सामान ओढत, रांगा लावून, पायी पूल ओलांडू लागले.

तेव्हा तिकिटावर किल्ला दिसला, तर फक्त 'कोणी बांधला?' एवढं विचारून थांबू नका. तो कोणाकडून कोणाकडे गेला आणि दर वेळी तिथल्या घरांचं काय झालं, हेही शोधा. इतिहासाच्या तासाला परीक्षेत विचारतात त्या तारखा, पण समजून घ्यायची असतात ती माणसं.

तुमच्यासाठी : नकाशात नार्वा नदी शोधा. मग जगातली अशी आणखी एक नदी शोधा, जी आज दोन देशांची सीमा आहे. ती कधीपासून सीमा आहे, ते वहीत लिहा.