धंद्यासाठी पहिली गाडी: पेट्रोल की डिझेल? पंपावर नाही, वहीत ठरवा



ट्रेनिंगमध्ये जीएसटीवर बोलत असलो तरी जेवणाच्या सुट्टीत एक प्रश्न हमखास येतो. "सर, धंद्यासाठी गाडी घ्यायचीय. डिझेलच घेऊ ना?" या "डिझेलच"मधला "च" फार महाग पडू शकतो. म्हणून आज त्या "च"चाच हिशोब करू.

हा "च" आला कुठून?

आपल्या वडिलांच्या पिढीचं म्हणणं चुकीचं नव्हतं. २०१२ च्या मे महिन्यात दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांच्या पुढे गेलं होतं आणि डिझेल ४१ च्या आसपास होतं. लिटरमागे ३२ रुपयांचा फरक! अशा वेळी डोळे झाकून डिझेल घेतलं तरी चालायचं. पण ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारने डिझेलचे दर बाजारावर सोडले आणि फरक कमी होत गेला. २०२५ मध्ये मुंबईत पेट्रोल साधारण १०४ आणि डिझेल ९० रुपये होतं. म्हणजे फरक उरला १४ रुपयांचा.

दुसरी गोष्ट झाली १ एप्रिल २०२० ला. बीएस-६ नियम लागू झाले. डिझेलचा धूर स्वच्छ करणारी यंत्रणा महाग असते, त्यामुळे छोट्या डिझेल गाड्यांची किंमत वाढली. मारुतीने तर तेव्हापासून डिझेल गाड्या बनवणंच बंद केलं. परिस्थिती बदलली, सल्ला मात्र तोच राहिला.

आता वही काढा

खालचे आकडे समजण्यासाठी धरलेत. तुमच्या शोरूमचं कोटेशन आणि तुमच्या पंपाचा दर टाकून हाच हिशोब पुन्हा करा.

पेट्रोल गाडी: १०४ रुपये लिटर, ऍव्हरेज १६. खर्च किलोमीटरला ६.५० रुपये.
डिझेल गाडी: ९० रुपये लिटर, ऍव्हरेज २०. खर्च किलोमीटरला ४.५० रुपये.
बचत: किलोमीटरला २ रुपये.

मस्त वाटतं ना? थांबा. तीच गाडी डिझेलमध्ये ऑन-रोड १ लाख ३० हजारांनी महाग आहे असं धरू. हे जास्तीचे पैसे १० टक्के व्याजाने, ५ वर्षांच्या कर्जात घेतले, तर हप्ता महिन्याला साधारण २,७६० रुपयांनी वाढतो. सर्व्हिसिंग आणि इन्शुरन्सचे महिन्याला ५०० जास्त धरा. झाले ३,२६०.

आता ३,२६० ला २ ने भागा. उत्तर १,६३०. म्हणजे गाडी महिन्याला १,६३० किलोमीटर पळाली तर तुम्ही फक्त बरोबरीत येता. खरी बचत त्याच्या पुढे सुरू होते.

दोन धंदे, दोन उत्तरं

समजा एक ताई कोल्हापुरात घरगुती मसाले बनवतात. राजारामपुरी, शाहूपुरी, लक्ष्मीपुरीतल्या दुकानांना माल पोचवतात. दिवसाला ४० किलोमीटर, महिन्याला २५ दिवस. रनिंग झालं १,००० किलोमीटर. डिझेलने वाचले २,००० आणि जास्तीचे गेले ३,२६०. म्हणजे दर महिन्याला खिशातून १,२६० रुपये गेले, तेही "डिझेल परवडतं" म्हणत!

दुसरे एक दादा रत्नागिरीहून काजू आणि कोकम घेऊन आंबा घाटातून कोल्हापूरला येतात. जाऊन-येऊन साधारण २६० किलोमीटर, महिन्याला १० फेऱ्या. रनिंग २,६०० किलोमीटर. बचत ५,२००, जास्तीचा खर्च ३,२६०, हातात १,९४० रुपये. शिवाय डिझेल इंजिन कमी वेगातही चांगली ओढ देतं, त्यामुळे भरल्या गाडीने घाट चढताना दम लागत नाही. या दादांनी डिझेल घ्यावं. ताईंनी पेट्रोल.

ताईंसाठी आणखी एक धोका

बीएस-६ डिझेल गाडीत काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्याला डीपीएफ म्हणतात. गाडी हायवेला पंधरा-वीस मिनिटं एकसारखी पळाली की साठलेली काजळी आतच जळून जाते. पण सिग्नलला थांबत, दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारत राहिलं तर फिल्टर तुंबतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि गाडी वर्कशॉपला जाते. ज्या दिवशी गाडी वर्कशॉपला, त्या दिवशी तुमचा माल घरात आणि ऑर्डर दुसऱ्याकडे.

"पण सर, मी रोख घेणार"

मग तर आणखी नीट ऐका. मी दुकानदार आहे, म्हणून दुकानदारासारखं सांगतो. ते १ लाख ३० हजार तुमचं खेळतं भांडवल आहे. त्याचा माल भरला, १० टक्के मार्जिन मिळालं आणि वर्षात सहा वेळा पैसा फिरला, तर ७८,००० रुपये होतात. महिन्याला १,००० किलोमीटर चालणारी डिझेल गाडी वर्षाला इंधनात २४,००० वाचवते. दिवाळीच्या तोंडावर होलसेलवाला रोखीत भाव कमी करून देत असतो, तेव्हा गल्ल्यात पैसे हवेत. ते गाडीच्या बॉनेटखाली अडकलेले नकोत.

सही करण्याआधी चार प्रश्न

१. आरटीओ टॅक्स किती? महाराष्ट्रात १० लाखांपर्यंतच्या खासगी कारला पेट्रोलसाठी ११ टक्के आणि डिझेलसाठी १३ टक्के लागतात. कंपनीच्या नावावर गाडी घेतली तर टॅक्स आणखी वाढतो.

२. जीएसटी परत मिळणार का? साध्या कारवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट आपल्यासारख्या व्यापाऱ्याला सहसा मिळत नाही. मालवाहू गाडीवर मिळतं, पण तुम्ही कंपोझिशन स्कीममध्ये नसाल तरच. नुसता माल वाहायचा असेल तर कार हवी की छोटा टेम्पो, हे सीएला आधी विचारा.

३. सीएनजी जमेल का? किलोमीटरचा खर्च कमी येतो. पण डिकीत सिलिंडर आला की मालाची जागा जाते, आणि पंपावरच्या रांगेत गेलेला वेळही तुमचाच असतो. पंप तुमच्या रोजच्या वाटेवर असेल तरच विचार करा.

४. रनिंग खरंच किती? इथेच सगळे अंदाज मारतात. "असेल दोन हजार" असं म्हणतात आणि मोजलं की नऊशे निघतं.

या महिन्याचा होमवर्क

शोरूमला जायचं नाही. ३० दिवस एका वहीत रोजचे किलोमीटर लिहा. टू-व्हीलरने गेलात, भाड्याचा टेम्पो केलात, पाहुण्याची गाडी नेलीत, सगळं लिहा. महिनाअखेरीला बेरीज करा आणि वरचं गणित स्वतःच्या आकड्यांनी सोडवा. बरोबरीच्या आकड्याच्या बरंच वर असाल तर बिनधास्त डिझेल घ्या. खाली असाल तर पेट्रोल. आणि बेरीज चारशे-पाचशेच्या आत आली, तर अजून वर्षभर टेम्पो भाड्यानेच करा. दारात गाडी नाही म्हणून गिऱ्हाईक परत जात नाही. दुकानात माल नाही म्हणून जातं.

वहीची बेरीज झाली की कमेंटमध्ये तुमचा धंदा, गाव आणि महिन्याचं रनिंग लिहा. पुढच्या भागात त्यातले काही हिशोब आपण एकत्र सोडवू.