मॉर्मन बहुपत्नीत्व : ग्रंथ काय सांगतात?

मॉर्मन म्हटलं की अनेकांना एक नवरा आणि त्याच्या चार-पाच बायका असंच घर आठवतं. आजच्या मुख्य चर्चबद्दल हे खरं नाही. 1890 साली चर्चचे अध्यक्ष विल्फर्ड वूड्रफ यांच्या जाहीरनाम्याने अशी लग्नं थांबायला सुरुवात झाली. 1904 मध्ये दुसरा जाहीरनामा निघाला, आणि आता असं लग्न करणाऱ्याला चर्चमधून काढून टाकतात. बातम्यांत दिसणारी बहुपत्नी कुटुंबं फुटून निघालेल्या गटांतली असतात.

दुसरा समज अधिक पक्का आहे : ही प्रथा ‘बुक ऑफ मॉर्मन’ने शिकवली. 1830 साली छापलेल्या त्या ग्रंथातला जेकबच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय उघडावा. जेकब हा संदेष्टा मंदिरात जमलेल्या पुरुषांना चांगलंच खडसावतो. बायबलमधले राजे दावीद आणि शलमोन यांचे दाखले देत तुम्ही अनेक बायका करू पाहता, पण त्या दोघांचं ते वागणं देवाला किळसवाणं होतं, असं तो सांगतो. एका पुरुषाला एकच पत्नी, उपपत्नी एकही नाही. बायकांचं रडणं देवापर्यंत पोचलं आहे आणि नवऱ्यांच्या वागण्याने त्यांची मनं मोडली आहेत, असंही तो बजावतो. बायकांची बाजू इतकी थेट घेणारे उतारे धर्मग्रंथांत फार सापडत नाहीत.

म्हणजे सरसकट बंदी? तसंही नाही. त्याच अध्यायाच्या तिसाव्या वचनात एक फट ठेवलेली आहे : देवाला आपल्यासाठी संतती वाढवायची असेल तर तो तशी आज्ञा देईल. चर्च बहुपत्नीत्वाला आधार देतं ते याच वचनाचा.

आज्ञा आली का? चर्चच्या मते आली. 12 जुलै 1843 रोजी इलिनॉय राज्यातल्या नॉवू गावी चर्चचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांनी एक प्रकटीकरण सांगून लिहून घेतलं. ‘डॉक्ट्रिन अँड कव्हेनंट्स’ या चर्चच्या प्रकटीकरणांच्या ग्रंथाचा 132वा विभाग तो हाच. दावीदच्या बायका देवानेच नाथान संदेष्ट्याच्या हातून दिल्या, उरीया या त्याच्याच सैनिकाच्या बायकोचं प्रकरण सोडलं तर त्याने पाप केलं नाही, असं तिथे म्हटलं आहे. दावीद तोच, पण एका पवित्र ग्रंथात दोषी आणि दुसऱ्यात जवळजवळ निर्दोष. समर्थक म्हणतात, जेकब देवाने न दिलेल्या बायकांबद्दल बोलतो. बायबलमधल्या दुसऱ्या शमुवेलाच्या बाराव्या अध्यायात या मताला थोडा आधार आहे, हे मान्य करायला हवं. पण जेकबच्या शब्दांत अशी वाटणी कुठेच नाही.

खरी अडचण बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाशी ताडून पाहिल्यावर येते. 132व्या विभागानुसार देवाने अब्राहामाला आज्ञा केली म्हणून त्याची पत्नी सारा हिने त्याला आपली दासी हागार बायको म्हणून दिली. उत्पत्तीच्या सोळाव्या अध्यायात देवाची अशी आज्ञाच नाही. मूल होत नाही म्हणून साराच हा मार्ग सुचवते. विभागाच्या पहिल्याच वचनात अनेक बायका असणाऱ्यांच्या यादीत इसहाकाचंही नाव आहे. उत्पत्तीत मात्र इसहाकाला रिबका ही एकच बायको आहे. ग्रंथाच्या कसोटीला उतरायचं तर निदान एवढं तरी जुळायला हवं होतं.

बायबल बहुपत्नीत्वाला बंदी घालतं, हे ख्रिस्ती टीकाकारांचं म्हणणंही तपासावं. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात राजाने फार बायका करू नयेत असं आहे, पण एकविसाव्या अध्यायात दोन बायका असलेल्या माणसाच्या मुलांच्या वारशाचा नियम दिलेला आहे. जुना करार प्रथा गृहीत धरतो. तिला आज्ञा मात्र म्हणत नाही.

हे सगळं स्मिथ यांच्यानंतर चर्चचं नेतृत्व करणाऱ्या ब्रिगम यंग यांनी घुसडलं, जोसेफ स्मिथ यांना एमा ही एकच पत्नी होती, असं मानणारेही आहेत. चर्चने स्वतः 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधाने हा वाद बराचसा मिटवला. स्मिथ यांच्या बायकांचा अंदाज तिथे 30 ते 40 दिला आहे. त्यांतल्या काहींची आधीच दुसऱ्यांशी लग्नं झालेली होती. 132वा विभाग मात्र दुसरी बायको कुमारिका असावी आणि पहिलीची संमती घ्यावी असं सांगतो. स्वतःच्या प्रकटीकरणातली अट स्वतःलाच पाळता आली नसेल, तर श्रद्धावंतालाही प्रश्न पडणारच.

आणखी एक गोष्ट क्वचित सांगितली जाते. चर्चने 1835 साली स्वीकारलेल्या ‘डॉक्ट्रिन अँड कव्हेनंट्स’मध्ये एका पुरुषाला एकच पत्नी असं स्पष्ट निवेदन होतं. ऑगस्ट 1852 मध्ये चर्चचे नेते ऑर्सन प्रॅट यांनी सॉल्ट लेक सिटीतल्या परिषदेत बहुपत्नीत्वाची उघड घोषणा केली, तरी ते निवेदन ग्रंथात तसंच राहिलं. ते निघालं आणि 132वा विभाग आला तो 1876 साली. चोवीस वर्षं छापील ग्रंथ एक सांगत होता आणि व्यासपीठ दुसरं. 1852च्या त्याच परिषदेत हिंदुस्थानासाठी निवडलेले प्रचारक 1853 मध्ये कलकत्त्याला उतरले. ह्यू फिंडले हे प्रचारक आधीपासून मुंबई-पुण्यात काम करत होते. त्या घोषणेची बातमी इथे पोचल्यावर लोकांसमोर उभं राहणं या सगळ्यांनाच जड गेलं.

1890 नंतर सिद्धांतही संपला, असं समजू नये. 132वा विभाग आजही ग्रंथात आहे. विधुर पुरुष मंदिरात दुसऱ्या पत्नीशीही अनंतकाळासाठी बांधला जाऊ शकतो. जिवंत स्त्रीला मात्र दोन पतींशी तसं बांधलं जात नाही.